धबधबा उचलून नेता येत नाही

१८ जून २०२० रोजी अमेरिकेतील अलास्का राज्यात लष्कराच्या नॅशनल गार्ड दलाचे एक चिनूक हेलिकॉप्टर देनालीजवळच्या निर्मनुष्य अरण्यावर घिरट्या घालू लागले. थोड्या वेळाने ते परतले तेव्हा त्याच्या पोटाखाली जाड पट्ट्यांना एक जुनी, गंजलेली प्रवासी बस लटकत होती. एका मोडक्या बसगाडीसाठी एवढा खटाटोप करण्याचे कारण सरकारी निवेदनात स्पष्टपणे दिले होते. ही बस पाहण्यासाठी जगभरातून लोक येतात, त्यांतल्या बहुतेकांची तयारी नसते, त्यांना सोडवून आणताना बचाव पथकांचे जीव टांगणीला लागतात आणि काहींचे प्राणही गेले आहेत. त्यामुळे आकर्षणच हलवायचे, असा निर्णय त्या राज्याने घेतला आणि अमलात आणला.

महाराष्ट्रात दर पावसाळ्यात जे घडते त्याच्या पार्श्वभूमीवर हा निर्णय तपासून पाहण्याजोगा आहे. भुशी धरण, ताम्हिणी, कुंभे, कुंडमळा ही नावे गेल्या काही वर्षांत सहलीच्या बातम्यांपेक्षा दुर्घटनांच्या बातम्यांतच अधिक वाचायला मिळाली. प्रत्येक दुर्घटनेनंतर 'हे ठिकाणच बंद करा' ही मागणी होते आणि प्रशासनही तत्परतेने मनाई आदेश काढते. मात्र जे खरोखर हटवता येण्याजोगे आहे आणि जे कोणत्याही उपायाने हटणार नाही, यांत आपल्याकडे सातत्याने गल्लत होते. त्या गल्लतीची किंमत माणसे मोजतात.

आधी त्या बसविषयी. १९४६ च्या बनावटीची ही गाडी फेअरबँक्स शहराच्या परिवहन सेवेत १४२ क्रमांकाने धावत असे. १९६० च्या सुमारास स्टॅम्पीड नावाच्या खाणरस्त्याच्या कामावरील मजुरांना राहण्यासाठी ती अरण्यात ओढून नेण्यात आली. १९६१ मध्ये काम थांबले, बाकीच्या गाड्या परत गेल्या आणि आस मोडलेली ही एक तिथेच राहिली. पुढची तीस वर्षे शिकाऱ्यांना आडोसा, एवढाच तिचा उपयोग होता. १९९२ च्या वसंत ऋतूत ख्रिस मॅककँडलेस हा चोवीस वर्षांचा सुशिक्षित तरुण घरदार सोडून तिथे पोहोचला. सुमारे एकशे चौदा दिवस तो त्या बसमध्ये राहिला आणि ऑगस्टमध्ये उपासमारीने क्षीण होऊन मरण पावला. जॉन क्रॅकॉअर यांनी १९९६ मध्ये त्याच्यावर 'इन्टू द वाइल्ड' हे पुस्तक लिहिले, २००७ मध्ये शॉन पेन यांनी त्यावर चित्रपट काढला आणि भंगारात जाण्याच्या लायकीची गाडी तीर्थक्षेत्र झाली.

या तीर्थयात्रेतील खरा धोका बसमध्ये नव्हता, तो वाटेवरच्या टेक्लानिका नदीत होता. एप्रिलमध्ये सहज ओलांडलेली ही नदी जुलैत मॅककँडलेसला परत ओलांडता आली नाही, कारण बर्फ वितळून तिला पूर आला होता. पुस्तकात हे सविस्तर आले आहे. तरीही पुस्तक वाचून आलेले वाचक त्याच नदीत त्याच ऋतूत उतरत राहिले. २०१० मध्ये एका स्विस तरुणीचा आणि २०१९ मध्ये बेलारूसच्या एका नवविवाहितेचा तिथे बुडून मृत्यू झाला. २००९ ते २०१७ या काळात बसशी संबंधित पंधरा शोध व बचाव मोहिमा कराव्या लागल्याची नोंद राज्य सरकारकडे होती. फेब्रुवारी २०२० मध्ये पाच इटालियन पर्यटकांना सोडवून आणावे लागले, त्यांतल्या एकाला हिमदंश झाला होता.

नदीवर पादचारी पूल बांधावा, असाही एक पर्याय चर्चेत होता. पूल झाला असता तर बुडण्याची भीती कमी झाली असती, परंतु अप्रशिक्षित माणसांना अरण्यात आणखी आत जाण्याचे जणू निमंत्रणच मिळाले असते. बस मात्र त्या जागेची निसर्गदत्त गोष्ट नव्हती, माणसाने आणून टाकलेली होती. तिच्यावर कोणाचे पोट अवलंबून नव्हते आणि ती हलवल्याने कोणाचा रस्ता बंद होत नव्हता. स्थानिक देनाली बरोनेही ती हलवावी असाच आग्रह धरला होता. बस फेअरबँक्स येथील विद्यापीठाच्या 'म्युझियम ऑफ द नॉर्थ' या संग्रहालयाच्या ताब्यात देण्यात आली. ज्यांना ती पाहायची त्यांची सोयही झाली आणि नदीत उतरण्याचे कारणही संपले. असा सरळ निकाल प्रत्येक वेळी लागत नाही. हवाई बेटांतील होनोलुलुजवळच्या 'हायकू' जिन्याचेच पाहा. दुसऱ्या महायुद्धात नौदलाने रेडिओ केंद्रासाठी डोंगराच्या धारेवर घातलेला हा जवळजवळ चार हजार पायऱ्यांचा जिना १९८७ पासून लोकांना बंद आहे. तरी पहाटेच्या अंधारात लोक चढतच राहिले. २०२१ मध्ये नगर परिषदेने तो काढून टाकण्याचा ठराव केला, एप्रिल २०२४ मध्ये काम सुरू झाले आणि जिनाप्रेमींनी लगेच न्यायालयात धाव घेतली.

या कसोटीवर लोणावळ्याचे प्रकरण पाहू. ३० जून २०२४ रोजी, रविवारी, भुशी धरणामागच्या डोंगरातील धबधब्यात पुण्याच्या हडपसर भागातील एका कुटुंबातील एक महिला आणि चार मुले वाहून गेली. प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून उभे असलेले ते कुटुंब आणि काठावरून असहायपणे ओरडणारी माणसे, हे दृश्य मोबाइलवरून घरोघरी पोहोचले. वर डोंगरात कोसळलेला पाऊस खाली काही मिनिटांत लोंढा होऊन येतो, हे सह्याद्रीत गुरे राखणाऱ्या पोरालाही ठाऊक असते. शहरातून दोन तासांत मोटारीने येणाऱ्याला ते ठाऊक नसते आणि सांगणारेही तिथे कोणी नसते. त्याच सुमारास ताम्हिणी घाटात कुंडात उडी मारलेला एक तरुण वाहून गेला. पंधरवड्यानंतर, १६ जुलैला, रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात कुंभे धबधब्याजवळ प्रवासाच्या चित्रफितींसाठी ओळखली जाणारी मुंबईची एक तरुणी खोल घळीत कोसळून मरण पावली.

प्रशासनाने काय केले? पुणे जिल्ह्यातील पर्यटनस्थळांवर मनाई आदेश लागू झाले. पाण्यात उतरणे, कड्यावर उभे राहणे, धोकादायक जागी छायाचित्रे व चित्रफिती काढणे या सर्वांवर बंदी आली. भुशी धरणाच्या वाटेवरील अनधिकृत टपऱ्यांवर बुलडोझर फिरला. टपऱ्या अनधिकृत असतीलही, त्यांच्या गर्दीने वाट अडत होती हेही खरे. परंतु जो धबधबा प्राणघातक ठरला त्याच्याशी कणीस आणि भजी विकणाऱ्यांचा संबंध दूरचा होता. किंबहुना पाण्याचा रंग बदलला की 'मागे या' म्हणून हाक देऊ शकणारी स्थानिक माणसे तिथे टपऱ्यांवरच होती. हटवता येण्याजोगी वस्तू हाताशी होती म्हणून ती हटवली गेली.

भुशी धरण मुळात पर्यटनासाठी बांधलेलेच नाही. रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी पुरवण्यासाठी ते बांधले गेले आणि आजही ते रेल्वेच्या मालकीचे आहे. भोवतीच्या डोंगरात वन विभागाची हद्द येते, वाहतूक आणि बंदोबस्त पोलिसांकडे, कचरा नगर परिषदेकडे. एवढ्या यंत्रणांपैकी पर्यटकाच्या जिवाची जबाबदारी कोणाची, याचे उत्तर दुर्घटनेच्या दुसऱ्या दिवशीही मिळत नाही. मनाई आदेश ही त्यावरची सोय झाली आहे. आदेश निघाला, की उत्तरदायित्व आपोआप मृताकडे जाते.

हे आदेश ज्या कायद्याखाली निघतात त्याचे स्वरूपही ध्यानात घेतले पाहिजे. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १४४ आणि १ जुलै २०२४ पासून तिची जागा घेणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३, ही दोन्ही तातडीच्या प्रसंगासाठी आहेत. असा आदेश दोन महिन्यांपलीकडे टिकत नाही. राज्य सरकारला वाटल्यास त्याची मुदत वाढवता येते, पण तीही आणखी सहा महिन्यांपुरतीच. १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कलम १४४ चे आदेश पुन्हा पुन्हा काढत राहणे हा अधिकाराचा दुरुपयोग ठरतो, असे बजावले. त्या खटल्याचा संदर्भ काश्मीरमधील निर्बंधांचा होता, धबधब्यांचा नव्हे, हे मान्यच. पण मुद्दा लागू पडतो. मोसमी पाऊस दरवर्षी जूनमध्ये येतो. तो आकस्मिक प्रसंग कसा? बारा महिन्यांपूर्वी ठाऊक असलेल्या गर्दीसाठी दरवेळी तातडीचे कलम वापरावे लागते, याचा अर्थ मधल्या दहा महिन्यांत काहीच केले गेले नाही.

गोव्याचा अनुभव या बाबतीत थोडा वेगळा आहे. जुलै २०२३ मध्ये सांगे तालुक्यातील मैनापी धबधब्यावर दोघे बुडाल्यानंतर तेथील वन विभागाने अभयारण्यांतील धबधब्यांवर सरसकट बंदी घातली. त्याच महिन्यात दूधसागर पाहण्यासाठी रुळांवरून चालत निघालेल्या शेकडो तरुणांना रेल्वे पोलिसांनी अडवले. काहींना उठाबशा काढायला लावल्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली. उठाबशांची शिक्षा कोणत्या कायद्यात बसते हा प्रश्न वेगळाच. मात्र काही दिवसांतच सरसकट बंदी टिकणार नाही हे ओळखून धोकादायक नसलेल्या धबधब्यांपुरती ती शिथिल करण्यात आली. याचा अर्थ कोणते पाणी घातक आणि कोणते सौम्य अशी वर्गवारी करता येते. ती बंदीनंतर न करता पावसाळ्यापूर्वी केली, तर बंदीला काही अर्थ राहतो.

महाराष्ट्रात त्या अलास्कातील बसशी तुलना होऊ शकेल अशी एक वस्तू होती. मावळ तालुक्यात तळेगाव दाभाडेजवळ, कुंडमळा येथे इंद्रायणीवर सुमारे तीस वर्षांपूर्वीचा अरुंद लोखंडी पूल होता. खाली खडकात पाण्याने कोरलेली कुंडे, त्यांतून घुसळत जाणारा प्रवाह आणि वर हा पूल. पावसाळ्यात पाहायला याहून सोयीची जागा नव्हती. पूल धोकादायक असल्याचे ठाऊक होते, तसा फलक होता, वाहनांना मनाई होती. १५ जून २०२५ रोजी, पुन्हा रविवारीच, शंभराहून अधिक माणसे आणि काही दुचाकी त्यावर असताना तो कोसळला. चौघांचा मृत्यू झाला, पन्नासहून अधिक जण जखमी झाले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन जवळच सुदुंबरे येथे असते. त्यामुळे जवान लवकर पोहोचले, स्थानिक गावकरी त्याआधीच पाण्यात उतरले होते. अन्यथा मृतांचा आकडा किती झाला असता याची कल्पनाच केलेली बरी. मृतांच्या वारसांना पाच लाख रुपयांची मदत जाहीर झाली आणि नव्या पुलासाठी आठ कोटी रुपये आधीच मंजूर झाल्याचे सांगण्यात आले.

येथे निसर्ग दोषी नव्हता. लोखंडी सांगाडा माणसाने उभारला होता, तो कमकुवत झाल्याचे माणसानेच फलकावर लिहून ठेवले होते आणि तो काढण्यास चिनूकची नव्हे, एका क्रेनची गरज होती. ती क्रेन आली, पण खाली अडकलेल्या माणसांवरचे लोखंड उचलण्यासाठी.

असे असले तरी अलास्काशी तुलना येथे एका जागी अडते, आणि ती अडचण महत्त्वाची आहे. बस कोणाच्या उपयोगाची नव्हती. कुंडमळ्याचा पूल मात्र पर्यटकांसाठी बांधलेला नव्हता, तो नदीच्या दोन्ही तीरांवरील शेतकऱ्यांचा आणि रहिवाशांचा होता. तो तोडला असता तर त्यांना लांबचा वळसा पडला असता. त्यामुळे 'पाडून टाका' म्हणणे शहरातील वाचकाला सोपे आहे, गावकऱ्याला नाही. पूल पाडायचा तर पर्यायी पूल आधी हवा, आणि तो वेळेवर बांधणे हेच येथे आकर्षण हटवणे होते. राज्याला तसे जमत नाही असेही नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल कोसळून एसटीच्या दोन गाड्या वाहून गेल्या. त्या जागी नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये वाहतुकीस खुला झाला. कुंडमळ्याच्या मंजूर निधीला ही गती लाभली असती तर तो रविवार नेहमीसारखाच गेला असता.

जे हटत नाही त्याचे काय? धबधबे, कडे, डोह जागच्या जागी राहणार आणि लोकही येत राहणार. समाजमाध्यमांना दोष देण्याची प्रथा पडली आहे. त्यात तथ्य असले तरी भुशीवर त्यांच्या आधीपासून गर्दी होत आली आहे. रील्सने फरक पडला तो ठिकाणांच्या संख्येत. पूर्वी चार-दोन ठिकाणी होणारी गर्दी आता कुंभेसारख्या, पूर्वी गावाबाहेर फारसे कोणाला माहीत नसलेल्या जागी पोहोचते. तिथे फलक नाही, कठडा नाही, मोबाइलला संपर्क नाही. कळसूबाईवर लोखंडी शिड्या आहेत म्हणून सर्वसाधारण माणूस महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखरावर जाऊन सुखरूप उतरतो. शिड्यांमुळे डोंगराचे सौंदर्य गेले अशी कुरकुर जुने गिर्यारोहक करतात, आणि ती अगदीच निराधार नाही. पण सरकारी यंत्रणेला मनात आणल्यास माणसाची सोय आणि सुरक्षितता यांची सांगड घालता येते, एवढे त्यातून दिसते.

दुर्घटना घडल्यावर धावून जाणारे बहुतेक लोक सरकारी नोकरीत नसतात. लोणावळ्याची 'शिवदुर्ग मित्र' ही संस्था आणि राज्यभरच्या गिर्यारोहकांना जोडणारे 'महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर' यांचे कार्यकर्ते आपापले व्यवसाय सांभाळून रात्री-अपरात्री दोरखंड खांद्यावर टाकून निघतात. अलास्काने बस हटवताना बचाव करणाऱ्यांच्या जिवाचा हिशेब उघडपणे मांडला. आपल्याकडे तो मांडलाच जात नाही, कारण खर्च कोणत्याही खात्यात दिसत नाही. २०२१ मध्ये राज्याने साहसी पर्यटनाचे धोरण आणले. त्यात सहली आयोजित करणाऱ्यांची नोंदणी आणि सुरक्षेचे नियम आले. ते योग्यच झाले. पण भुशीवर वाहून गेलेले कुटुंब कोणत्या आयोजकाबरोबर आले नव्हते. कुंडमळ्याच्या पुलावरील गर्दीही आपापल्या गाड्यांनी आलेली होती. धोरण ज्यांना उद्देशून आहे ते आणि जे बुडतात ते, हे दोन वेगळे वर्ग आहेत.

हा प्रश्न सह्याद्रीपुरता आहे असे विदर्भातील वाचकाने समजू नये. ९ जुलै २०१७ रोजी नागपूरजवळ वेणा जलाशयात तरुणांची नाव उलटली. त्याआधी काही वेळ ते नावेतूनच फेसबुकवर थेट प्रक्षेपण करत होते. आता पूर्व विदर्भातही पर्यटनाचा विस्तार वेगाने होत आहे. हावडा-मुंबई लोहमार्गावर वरठी येथे भंडारा रोड स्थानक आहे. जिल्ह्याचे मुख्यालय तिथून दहा-बारा किलोमीटर. आतापर्यंत या स्थानकावर उतरणारा प्रवासी बहुधा कामासाठी आलेला असे, मग तो पोलाद कारखान्यात जाणारा असो वा कचेरीत. आता कोका अभयारण्य, गोसीखुर्दचा विस्तीर्ण जलाशय आणि आंभोऱ्याचा संगम यांच्या ओढीने येणाऱ्यांची भर पडणार आहे. गोसीखुर्द जलाशयावरील जलपर्यटन प्रकल्पाचे भूमिपूजन २०२४ मध्ये झाले. आंभोरा येथे वैनगंगेवर केबलच्या आधाराचा भव्य पूल उभा आहे आणि त्यावर उंचावरून संगम पाहण्यासाठी प्रेक्षागृह आहे.

तलावांचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भंडाऱ्याला पाण्याची भीती सांगायला नको. पण वैनगंगेची एक खोड बाहेरच्या माणसाला ठाऊक नसते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस भंडारा शहर पाण्याखाली गेले, त्याचे मोठे कारण मध्य प्रदेशातील संजय सरोवरातून सोडलेले पाणी होते. येथे ऊन पडलेले असतानाही नदी वाढू शकते. भुशीच्या मागच्या डोंगरात जे मिनिटांत घडले तेच येथे तासांच्या हिशेबाने घडते, एवढाच फरक. काठावरच्या ढिवरांना ते कळते. एखादा बुडाला की पोलीस पहिला निरोप त्यांनाच धाडतात. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी नागपुरात आहे, ती येईपर्यंत डोहात उतरतात ते हेच. जलपर्यटनाच्या आराखड्यात नौकांबरोबर या तरुणांना पगारी जीवरक्षक म्हणून घेण्याचा खर्च धरला, तर तो नंतरच्या कोणत्याही मनाई आदेशापेक्षा उपयोगी पडेल. धरण आणि सरोवरातून पाणी सोडल्याची सूचना आज गावोगावी दवंडीसारखी फिरते. ती घाटावर उभ्या असलेल्या नागपूरच्या पर्यटकापर्यंत पोहोचेल अशी भोंग्याची सोयही करावी लागेल.

आणि आदेशच काढायचा झाला, तर आंभोऱ्याला आणखी एक अडचण आहे. तिथला पूल नागपूर आणि भंडारा या दोन जिल्ह्यांना जोडतो. भंडाऱ्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी सही केलेली मनाई नदीच्या मध्यापर्यंतच चालते, पलीकडच्या पायऱ्यांवर पाण्यात उतरणाऱ्यासाठी दुसऱ्या कचेरीतून दुसरा कागद निघावा लागतो.